कार्यशाळेच्या आधीचे पंधरा दिवस

  आजचा विषय आहे रोबोटिक्सच्या कार्यशाळेसाठी कॉम्प्युटर तयार करण्याचा. हे कॉलेजवाल्यांचं काम, आपलं नाही, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आमच्या बैठकीतही पहिल्यांदा असंच झालं होतं. पण काम संपलं तेव्हा त्यात गटाचे हिशोब, मोबाइलचा डेटा, वीज, मुलींचा वेळ असं आपल्या रोजच्या ओळखीचंच बरंच काही निघालं.

आधी एक शब्द समजून घेऊ. सिम्युलेशन. ज्यांनी शिवण क्लास केलाय त्यांना हे एका मिनिटात कळेल. आपण नवीन मापाचा ब्लाउज बेतायचा असला की लगेच कापडाला कात्री लावत नाही. आधी कागदावर कटिंग करतो. कागद चुकला तर चुकला, कापड शाबूत राहतं. सिम्युलेशन म्हणजे रोबोचं कागदी कटिंग. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक खोटी खोली असते, तिच्यात भिंती असतात, खांब असतात आणि एक खोटा रोबो असतो. त्या रोबोला वजन असतं, त्याची चाकं घसरतात, तो भिंतीला धडकतो. पण धडकला तरी मोडत नाही. मुलीनं शंभर वेळा धडकवला तरी कुणी ओरडत नाही.

मोठ्या कामांतही हीच रीत आहे. २०१३ साली अमेरिकेत आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्या रोबोंची एक स्पर्धा झाली. तिची एक फेरी पूर्ण पडद्यावरच होती. त्या फेरीत ज्यांचा खोटा रोबो नीट चालला, त्यांतल्या पुढच्या संघांनाच खरा माणसाएवढा रोबो हाताळायला मिळाला. ती फेरी ज्या सॉफ्टवेअरमध्ये झाली त्याचं नाव गॅझिबो. गॅझिबो म्हणजे बागेतला छोटा मंडप. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. ते फुकट मिळतं, आणि आमच्या मुलींनी वापरलं तेही हेच.

आता आमच्याकडे काय घडलं ते सांगतो. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिक्षकांनी आमच्या साधन केंद्राच्या हॉलमध्ये मुलींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. नऊ मुलींची नावं आली. रोबो ते आणणार, कॉम्प्युटर आपण द्यायचे. पत्रात लिहिलं होतं, तीन मुलींमागे एक कॉम्प्युटर हवा, त्यात उबुंटू २२.०४, रॉस-२ हम्बल आणि गॅझिबो आधीच घातलेलं असावं. खाली एक ओळ होती, ‘एखाद्या जाणकार मुलाकडून हे करून घ्यावे.’

त्या ओळीवर आमची बैठक अडली. एका ताईचा भाचा डिप्लोमाला आहे. तो एका रविवारात तिन्ही मशीन करून देतो म्हणाला. काम झटपट झालं असतं. पण आम्ही दोन गोष्टी समोर ठेवल्या. पहिली म्हणजे, आधीच्या दोन-तीन प्रशिक्षणांत आम्ही पाहिलंय की कॉम्प्युटर ज्यानं लावला, तोच कीबोर्डवर बसतो. बाकीच्या मागे उभ्या राहून बघतात, आणि बघणाऱ्यांत बहुतेक मुलीच असतात. मशीन अडलं की त्या हात मागे घेतात आणि ‘दादाला बोलवा’ म्हणतात.

दुसरी गोष्ट साध्या भागाकाराची होती. येणारा रोबो एकच होता. टर्टलबॉट-३ बर्गर त्याचं नाव. वजन एक किलो, उंची जेमतेम वीत. एकदा चार्ज केला की साधारण अडीच तास चालतो आणि पुन्हा चार्ज व्हायला जवळपास तेवढाच वेळ घेतो. अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. तीन गटांना पन्नास-पन्नास मिनिटं, एका मुलीच्या वाट्याला सतरासुद्धा नाहीत. ती मिनिटं कॉम्प्युटर का चालत नाही हे शोधण्यात गेली, तर कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळेल, रोबो मिळणार नाही. म्हणून ठराव झाला की मशीन मुलींनीच तयार करायची. भाचा येऊन बसेल, विचारलं तर सांगेल, पण कीबोर्डला हात लावणार नाही. त्यानंही ते हसत मान्य केलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

पुढचा प्रश्न काकूंनी काढला. आमच्या केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये ४२ गटांचे हिशोब आहेत. कुणी किती बचत भरली, कुणाचं अंतर्गत कर्ज किती बाकी, बँकेचे हप्ते, ऑडिटचे कागद. काकू म्हणाल्या, “रोबो नाचवायच्या नादात आमच्या बायकांचा पैसा पुसला गेला तर कुणाच्या दारात जायचं?”

काकूंची भीती खरी आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. उबुंटू घालताना पडद्यावर एक पर्याय येतो, डिस्क पुसून नव्यानं घालायचं. तो पर्याय चुकीच्या डिस्कवर दाबला तर आधीचं सगळं जातं. म्हणून आम्ही तीन गोष्टी केल्या. सगळ्या हिशोबाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली. ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून, चार गटांची शिल्लक वहीशी ताडून पाहिली, कारण नक्कल घेतली एवढ्यावर भागत नाही, ती उघडते का ते बघावं लागतं. आणि तिसरं म्हणजे उबुंटूसाठी वेगळी, २५६ जीबीची एसएसडी डिस्क घेतली. बैठकीत ठराव करून, इतिवृत्तात लिहून, १,८०० रुपयांना.

ही नवी डिस्क बसवली तेव्हा मुलींनी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. डबा उघडायचा, वायर काढायची, बाजूला बांधून ठेवायची. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसली जाऊच शकत नाही. सगळं घालून झाल्यावर वायर परत जोडली. आता कॉम्प्युटर चालू करताना एक बटण दाबलं की कुठली डिस्क हवी ते विचारतो. कुठल्या कंपनीत ते एफ बारा असतं, कुठल्यात एफ नऊ, कुठल्यात एस्केप. सकाळी हिशोबाची डिस्क, दुपारी चारनंतर मुलींची. काकू वायर काढताना स्वतः शेजारी उभ्या होत्या. तेव्हा कुठे त्यांना धीर आला.

दुसरं मशीन शाळेनं दिलं, ते रिकामंच होतं. तिसरा होता एका सदस्येच्या मुलाचा लॅपटॉप. त्याची अट होती की आतलं काही हलवायचं नाही. अशा वेळी व्हर्च्युअल बॉक्स वापरता येतो. म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर चालतो. त्याला वेग कमी मिळतो, पण मालकाच्या फायलींना धक्का लागत नाही. दोन गोष्टी मात्र बघाव्या लागतात. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघायचं. आणि नेटवर्कच्या ठिकाणी ‘नॅट’ लिहिलेलं असेल तर ते बदलून ‘ब्रिज’ करायचं. नाहीतर आतला कॉम्प्युटर बाहेरच्या रोबोशी बोलतच नाही.

आता ते आकडे आणि नावं. उबुंटू २२.०४ मधले आकडे म्हणजे साल आणि महिना, २०२२ चा चौथा महिना. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, “नवीन असताना जुनं कशाला घालायचं?” प्रश्न चांगला होता. रॉस म्हणजे रोबोच्या वेगवेगळ्या भागांना एकमेकांशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला कासवावरून नाव असतं आणि आवृत्त्या इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं पुढे जातात. हम्बल हॉक्सबिल ही २०२२ ची आवृत्ती. हॉक्सबिल ही समुद्री कासवाची जात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, ही त्यांची भावकी. हम्बलचं तयार पॅकेज २२.०४ साठी आहे. २०२४ ची जॅझी ही आवृत्ती २४.०४ साठी. एकाचं झाकण दुसऱ्या डब्याला बसत नाही. म्हणून नवं-जुनं न बघता कार्यशाळेच्या पत्रात जे लिहिलंय तेच घालायचं. शिकवणाऱ्यांचे सगळे धडे त्याच आवृत्तीवर बेतलेले असतात.

मग आला डेटाचा प्रश्न. उबुंटूची फाइल साडेचार-पाच जीबीची. आमच्याकडे ब्रॉडबँड नाही, सगळ्यांकडे रोज दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक. रात्री बारा वाजले की त्या दिवसाचा उरलेला डेटा वाया जातो. मग काय, बचत गटच आपला. पाच जणींनी ठरवलं, रात्री दहाला हॉटस्पॉट लावायचा आणि दिवसाचा उरलेला डेटा मुलींना द्यायचा. डाउनलोड अर्धवट थांबलं तर दुसऱ्या रात्री तिथूनच पुढे सुरू करता येतं, पहिल्यापासून करावं लागत नाही. चौथ्या रात्री फाइल पूर्ण झाली.

एवढे तुकडे जोडून आलेली फाइल धड आहे का, हे कसं ओळखायचं? त्यासाठी उबुंटूवाले प्रत्येक फाइलसोबत ६४ अक्षर-अंकांचा एक ठसा देतात. आपल्या कॉम्प्युटरला सांगितलं की तो आपल्याकडच्या फाइलवरून तसाच ठसा काढून देतो. दोन्ही सारखे आले तर फाइल शाबूत. कॉम्प्युटरवरच ते ताडून बघता येतं, पण मुलींनी पासबुक आणि खतावणी जुळवतात तशी पद्धत लावली. एकीनं चार-चार अक्षरं मोठ्यानं वाचायची, दुसरीनं कागदावर टिक करायची. सोळा टिका झाल्या. मग ती फाइल पेनड्राइव्हवर चढवली आणि त्यावरून तिन्ही मशीनवर उबुंटू घातलं.

त्यानंतरचं सगळं काम टर्मिनल नावाच्या खिडकीत. उबुंटूमध्ये ती वांग्याच्या रंगाची असते. तिच्यात चित्रं नाहीत, माउस नाही, हुकूम टाइप करायचा. इथे नवख्या मुली एका ठिकाणी हमखास घाबरतात. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. वाटतं, कीबोर्ड बिघडला. तो बिघडलेला नसतो. न दिसणारा पासवर्ड टाइप करून एंटर दाबायचं.

रॉस घालता घालता शाळेच्या मशीनवर वीज गेली. युपीएस नव्हता. वीज आल्यावर पडद्यावर लाल-पांढऱ्या ओळी आल्या. मुलींनी त्या न पुसता शेवटची ओळ नीट वाचली. मशीननं स्वतःच लिहिलं होतं की काम अर्धवट राहिलंय आणि ते पूर्ण करण्यासाठी अमुक हुकूम द्या. तो हुकूम तसाच टाइप केला आणि गाडी पुढे सरकली. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “हे तर रागवत नाही, सांगतंय.” भाचा शेजारी चहा पीत बसला होता, त्याला उठावं लागलं नाही.

रॉस घातल्यावर आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. नवीन टर्मिनल उघडलं की त्याला रॉस कुठे ठेवलंय हे माहीत नसतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेल्यावर आधी मिसळणाचा डबा कुठे आहे ते विचारावं लागतं, तसंच. प्रत्येक खिडकीत एक ओळ देऊन ते सांगावं लागतं. किंवा ती ओळ एकदाच सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवायची, मग दर वेळी आपोआप होतं. मुलींनी आधी तीन दिवस ती ओळ हातानं टाइप केली आणि मगच फाइलमध्ये लिहिली. त्यामुळे ती ओळ काय करते हे त्यांना पाठ झालं.

आता मशीन तयार झालं का, याची परीक्षा. पहिली परीक्षा तर आपल्या रेडिओचीच आहे बघा. दोन खिडक्या उघडायच्या. एकीत ‘टॉकर’ चालवायचा, दुसरीत ‘लिसनर’. टॉकर दर सेकंदाला ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणतो आणि पुढे आकडा लावतो, एक, दोन, तीन. लिसनर लिहितो, ‘मी ऐकलं, हॅलो वर्ल्ड एक.’ टॉकरला कोण ऐकतंय हे ठाऊक नसतं, तो फक्त ठरलेल्या नावावर बोलत राहतो. ज्याला ऐकायचं तो त्या नावावर कान लावतो. आत्ता आम्ही या स्टुडिओतून बोलतोय आणि तुम्ही भाकरी थापता थापता ऐकताय, अगदी तसंच. रोबोतही असंच चालतं. अंतर मोजणारा भाग बोलतो, चाकं फिरवणारा भाग ऐकतो. हे एक कळलं की रॉसचा पाया कळला.

दुसरी परीक्षा कासवाची. निळ्या खिडकीत मधोमध एक छोटं कासव येतं आणि बाणाच्या बटणांनी चालतं. आपल्यापैकी काहींनी शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला लोगो केलं असेल, त्यातलं कासव आठवा. मुलांना शिकवण्यासाठी १९६७ मध्ये तयार झालेल्या त्या लोगो भाषेतल्या कासवाचीच ही नातवंडं. इथे लक्षात ठेवायचं की बाण दाबताना माउसनं हुकमाची खिडकी निवडलेली हवी, कासवाची नाही. नाहीतर बाण कितीही दाबा, कासव ढिम्म. आणि कासव कडेला गेलं की टर्मिनलमध्ये ओळ येते, ‘अरेरे, मी भिंतीला धडकलो.’ आमच्या मुली ती ओळ बघायला मुद्दाम धडकवत होत्या.

तिसरी परीक्षा गॅझिबोची, आणि खरी कसोटी तीच. पहिल्यांदा उघडताना गॅझिबो काही चित्रं नेटवरून मागवतो, त्यामुळे बराच वेळ पडदा काळाच राहतो. म्हणून पहिल्यांदा तो घरीच, नेट असताना उघडायचा. कार्यशाळेच्या सकाळी नऊ मुली एका हॉटस्पॉटवर बसल्या असत्या, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काळा पडदाच बघितला असता.

गॅझिबोच्या खिडकीत खालच्या बाजूला एक आकडा असतो, त्याला रिअल टाइम फॅक्टर म्हणतात. तो एकच्या जवळ असेल तर खोट्या खोलीतला एक सेकंद आपल्या एका सेकंदाएवढा चालतो. अर्धा असेल तर तिथला एक सेकंद व्हायला आपले दोन सेकंद लागतात. केंद्राच्या मशीनला आठ जीबी रॅम, तिथे आकडा एकच्या आसपास आला. लॅपटॉपवर पाऊण. शाळेचं मशीन चार जीबीचं, तिथे अर्ध्याच्याही खाली. नवीन रॅम घ्यायला पैसे नव्हते. मुलींनी सावल्या बंद केल्या, मोठ्या घराऐवजी लहान खोली घेतली, बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. आकडा अर्ध्याच्या थोडा वर गेला, त्याहून नाही. त्या मशीनवरचा रोबो शेवटपर्यंत सावकाशच चालला. पण कारण माहीत असल्यामुळे मुलींना ते मशीनचं मंदपण आहे हे ठाऊक होतं. आपल्यालाच जमत नाही, असं त्यांना वाटलं नाही.

एक गंमत रंगीत तालमीच्या दिवशी झाली. तिन्ही मशीन एकाच वाय-फायवर जोडून तिन्हीकडे कासव उघडलं. एका मुलीनं बाण दाबला आणि तिन्ही कासवं चालायला लागली. पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. कारण असं की रॉसमध्ये प्रत्येक मशीनला एक डोमेन नंबर असतो आणि आपण दिला नाही तर सगळ्यांचा शून्यच राहतो. एकाच वाय-फायवर, एकाच नंबरवर असलेली सगळी मशीन एकमेकांचं ऐकतात. पुन्हा रेडिओच. एकाच स्टेशनवर लावलेले तीन रेडिओ तेच बोलणार. शून्य ते १०१ मधला कुठलाही नंबर देता येतो. मुलींनी ११, १२, १३ असे नंबर दिले आणि प्रत्येक मशीनवर चिठ्ठी चिकटवली. कासवाच्या बाबतीत ही गंमतच आहे. पण खऱ्या रोबोला तिघींचे हुकूम एकदम मिळाले असते तर तो टेबलावरून खाली आला असता.

कार्यशाळेचा दिवस उजाडला. सव्वादहाला शिक्षकांनी विचारलं, “कुणाकुणाचं गॅझिबो उघडतंय?” तिन्ही मशीनवर रोबो उभा होता. त्यांनी पहिल्या दिवसाचा अर्धा भाग सॉफ्टवेअर घालण्यासाठीच राखून ठेवला होता. तो सगळा वेळ मोकळा झाला आणि खरा रोबो दुसऱ्या दिवसाऐवजी पहिल्याच दिवशी दुपारी जमिनीवर आला. पहिल्या दिवशी एक बॅटरी, दुसऱ्या दिवशी आणखी एक. प्रत्येकीची मिनिटं दुप्पट झाली. रोबोचा नंबर ३० होता. ज्या गटाची पाळी, त्यांनी आपल्या मशीनला ३० नंबर द्यायचा, पाळी संपली की परत आपला. हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

डब्ल्यू दाबलं की पुढे, एक्स मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे, एस म्हणजे थांब. जास्तीत जास्त वेग सेकंदाला २२ सेंटिमीटर. पडद्यावर खांब चुकवून जाणारा रोबो हॉलमध्ये मात्र दाराजवळच्या चपलेवर जाऊन अडकला. मुलींनी विचारलं, याला भिंत दिसते मग चप्पल का दिसत नाही? तर अंतर मोजणारा लायडार त्याच्या डोक्यावर बसवलेला असतो. तो त्या उंचीवर गोल फिरून बघतो, पायाखालचं त्याला दिसत नाही. पडद्यावरच्या खोलीत चपला नव्हत्याच, म्हणून हे तिथे कळलं नव्हतं. संध्याकाळी मुलींनी पडद्यावरच्या खोलीत चपलेच्या उंचीचा एक ठोकळा ठेवला आणि तिथेही रोबो तसाच अडकवून पाहिला. कागदी कटिंग अंगावर घालून पाहिलं, मग कागद दुरुस्त केला, असंच म्हणा.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी दोन मुली आल्या नाहीत. एकीच्या घरी कांदा काढणीला माणसं कमी पडली, दुसरीला गावाहून पाहुणे आले म्हणून ठेवून घेतलं. त्यांच्या आयांशी आम्ही आधी बोलायला गेलो होतो, तरीही. मशीनची तयारी पंधरा दिवसांत होते. घराची तयारी व्हायला वेळ लागतो, त्यासाठी पुन्हा-पुन्हा जावं लागतं. त्या दोघी आता शनिवारी केंद्रात येतात, आणि मशीन तिथेच आहे, उबुंटूची डिस्कही तिथेच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी कार्यशाळा ठरली तर काय करायचं, ते थोडक्यात सांगतो. एक, पत्र आलं की आवृत्तीचे आकडे वहीत उतरवून घ्या आणि तेच घाला. दोन, हिशोबाचं मशीन असेल तर आधी नक्कल, नक्कल उघडून खात्री, आणि जमलं तर वेगळी डिस्क. तीन, डेटा आणि वीज यांचा अंदाज घेऊन निदान पंधरा दिवस हातात ठेवा. चार, बोलणारा-ऐकणारा, कासव आणि गॅझिबो, या तीन परीक्षा घरीच घ्या. पाच, प्रत्येक मशीनला वेगळा नंबर द्या.

लिनक्सची सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतून आहेत. ते फुकट आहेत, उतरवून घेऊन नेटशिवायही बघता येतात. धडा थोडा बघायचा, थांबवायचा, तेवढं स्वतः करायचं, अशी त्यांची पद्धत आहे. ज्यांच्या मुली पुढे इंजिनिअरिंगला जातील, त्यांनी आयआयटी मुंबईच्याच ई-यंत्र या उपक्रमाचं नाव लिहून ठेवा. कॉलेजच्या मुला-मुलींसाठी ते रोबोटिक्सची स्पर्धा घेतात.

आणि सहावं, आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. मदत कुणाचीही घ्या. भाचा असो, शिक्षक असोत, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला असो. पण कीबोर्ड मुलीच्या हातात राहू द्या. ती हळू टाइप करेल, स्पेलिंग चुकेल, एका दुपारच्या जागी तीन दुपारी जातील. जाऊ द्या. गेल्या महिन्यात शाळेचं मशीन पुन्हा अडलं. शाळेतून केंद्रावर फोन आला की त्या अकरावीतल्या मुलीला पाठवता का. ती सायकलवर गेली आणि अर्ध्या तासात परत आली. काय झालं होतं विचारलं, तर म्हणाली, “काही नाही, शेवटची ओळ कुणी वाचलीच नव्हती.”

पुढच्या वेळी भेटू तेव्हा बचत गटाच्या हिशोबाची नक्कल कशी आणि कितीदा घ्यायची, यावर बोलू. काकूंनी तसं बजावूनच पाठवलंय. नमस्कार.